वीसपैकी बारा

'शाळेचा दाखला लागत नाही' हे वाक्य मी पेपरात तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा फोनचं हँडल फिरवून व्यंकटरावांना वाचून दाखवलं. व्यंकटराव म्हणजे चुडावा स्टेशनचे मास्तर आणि मी त्यांचा गेटमन, पंडित. स्टेशनापासून दोन मैलांवर एक कच्चा रस्ता रूळ ओलांडतो, तिथलं फाटक माझ्याकडे. तो फोन गाड्यांसाठी असतो, पेपर वाचून दाखवायला नसतो, हे मला कळत होतं. पण पेपर त्यांचाच होता, दोन दिवस शिळा होऊन माझ्याकडे आलेला, म्हणून धीर केला.

"कशाचा दाखला?" त्यांनी विचारलं.

"मुक्त विद्यापीठ निघालंय. घरी बसून बी. ए. करता येतंय म्हणं. दाखला नसला तरी चालतंय. वय अठरा पाहिजे अन् लिहितावाचता आलं पाहिजे. आधी एक पूर्वतयारीची परीक्षा द्यायची, ती पास झालं की दार उघडं."

"मग भर की अर्ज. तुला तिथं दुसरं काय काम हाय?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसरं काय काम आहे! फाटक म्हणजे लोकांना वाटतं दोरी ओढायची आणि सोडायची. गाडी सुटायच्या आधी मास्तरचा फोन येतो. मी फाटक बंद करतो, कुलूप लावतो आणि माझ्याकडच्या छापील कागदावरचा एक नंबर त्यांना सांगतो. ते त्यांचा सांगतात. दोघं वहीत लिहितो. तो नंबर मिळाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही. मास्तरचंही तसंच. पुढच्या स्टेशनाकडून मागची गाडी सुखरूप पोचल्याचा निरोप आला तरच दुसरी गाडी सोडायची, मग तिची वेळ टळून गेली तरी बेहत्तर. नऊ वर्षं हे करून माझ्या अंगातच मुरलं होतं. मी चांगुणाने एका प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय तिला दुसरा विचारत नसे, यावरून ती मला हसायची.

चांगुणा माझी बायको. ती आणि दोन लेकरं पूर्णेला राहायची, कारण फाटकाच्या आसपास शाळा नाही, दवाखाना नाही, शेजारी तर नाहीच. मी मात्र गेटच्या खोलीत राहायचो. दिवसाची बारा तासांची पाळी माझी, रात्रीची सितारामची. तो त्याच्या गावाहून सायकलीवर यायचा आणि सकाळी निघून जायचा. माझी रविवारची सुट्टी, तेव्हा बदली माणूस मिळाला तर मी पूर्णेला जायचो. बाकीचे सहा दिवस माझ्याशी बोलणारा आवाज म्हणजे व्यंकटरावांचा, आणि तोही बहुतेक आकड्यांत बोलायचा.

तर दाखला. माझा दाखला जळालेला आहे. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात जे झालं, त्यात आमची आळी जळाली. मी दहावीत होतो. घर गेलं, घरातली पत्र्याची पेटी गेली, पेटीतले कागद गेले. आम्ही पूर्णेला मावशीच्या आसऱ्याला आलो, मी रेल्वेत रोजंदारीवर लागलो, पुढे कायम झालो. शाळेतून दुसरा दाखला काढून आण, असं मला दहा जणांनी सांगितलं. मी गेलो नाही. का गेलो नाही ते कुणाला सरळ सांगितलं नव्हतं, आता सांगतो. वर्गातलं एक पोरगं अचानक यायचं बंद झालं, ते जगलं की मेलं हे पाहायला ज्या शाळेतून एक माणूस आला नाही, तिच्या दारात कागद मागायला मी जाणार नव्हतो. माझ्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात. असू द्या.

म्हणजे बारा वर्षांनी, एकोणीसशे नव्वद साली, मला शिकायची एकच वाट उरली होती आणि ती दाखला न मागणारी ही होती. मी अर्ज भरला.

पुस्तकांचं पुडकं स्टेशनावर आलं. मी ते घ्यायला चालत गेलो आणि येताना दर दहा पावलांनी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत राहिलो. जड नव्हतं ते, पण एका जागी ठेवावंसं वाटेना. खोलीत येऊन दोरी सोडली. भाषा, गणित, समाज, विज्ञान. एक माहितीपुस्तिका. तिच्यात लिहिलं होतं की अभ्यासाची जागा शांत निवडा, घरच्यांचं सहकार्य घ्या, मित्रांबरोबर चर्चा करा. शांततेला तोटा नव्हता. मित्रांचं वाचून मात्र मला हसू आलं आणि मग हसू गेलं.

अभ्यास सुरू केला तेव्हा कळलं की पुस्तक वाचणं वेगळं आणि शिकणं वेगळं. वर्गात एखादं समजलं नाही तर शेजारच्याच्या तोंडाकडे बघता येतं. त्यालाही समजलेलं नसतं, तेवढाच आधार. इथे अपूर्णांकांच्या भागाकारावर मी अडलो आणि तीन दिवस अडून राहिलो. दुसऱ्या अपूर्णांकाला उलटा करून गुणायचं, हे पुस्तकात होतं, पण का उलटा करायचा ते नव्हतं. चौथ्या दिवशी पॅसेंजर गेल्यावर मी व्यंकटरावांना विचारलं, "साहेब, भागताना खालचा आकडा वर का घेतेत?"

"कोणचा डबा?" ते म्हणाले.

मी म्हटलं, "काही न्हाई साहेब." त्यानंतर मी त्यांना कधी विचारलं नाही. समजलेलं आणि न समजलेलं, दोन्ही मोठ्याने म्हणायची सवय लागली. रस्त्यावरून जाणारा गाडीवाला एकदा थांबून म्हणाला, "कोनाला बोलायलाव?" मी म्हटलं, "मास्तरला." त्याने खोलीत डोकावलं आणि बैल हाकले.

महिन्यातून एका रविवारी परभणीला एका शाळेत संपर्क सत्र असायचं. सगळ्या विद्यार्थ्यांनी जमायचं आणि संमंत्रकाला अडचणी विचारायच्या. संमंत्रक म्हणजे आपला मास्तरच, नाव तेवढं जड. चांगुणाला हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापता थापता थांबली.

"आठ दिसातून एक दिस येताव. त्योबी मास्तरला देऊन टाकला?"

"महिन्यातला एकच दिस हाय."

"शिका. म्या नको म्हणत न्हाई. पर धाकटी तुमाला मामा म्हणायलीय."

धाकटी खरंच मला मामा म्हणायची. चांगुणाचा भाऊ तिला रोज दिसायचा, मी दिसायचो आठवड्याने. मी पोरीला उचलून घेतलं तर ती रडायला लागली. मी तिला खाली ठेवलं आणि त्या महिन्यात परभणीला गेलो.

पहिल्या सत्राला चाळीस एक माणसं होती. एस. टी.चा कंडक्टर, होमगार्ड, बालवाडीच्या बाई, मोंढ्याच्या धान्यबाजारातला एक हमाल. सगळी मोठी माणसं आणि बाकं पोरांची, त्यामुळे गुडघे कुठे ठेवावे हा पहिला प्रश्न होता. प्रत्येकाने एकेक बाक धरलं. कुणी कुणाजवळ बसेना, कारण या वयात शिकायला आलो हे शेजाऱ्याला कळू नये असं सगळ्यांनाच वाटत असावं. मला वाटलं होतं, इथे कुणाशी तरी बोलणं होईल. दोन तासांत मी फक्त "हजर" एवढं बोललो.

संमंत्रक माणिकराव सर. साठीला टेकलेले, जिल्हा परिषदेच्या शाळांत जन्म काढून निवृत्त झालेले. चष्मा कपाळावर चढवून बोलायचे आणि वाचायचं असलं की खाली घ्यायचे. "चार स्वाध्याय लिहून द्यायचे," ते म्हणाले. "प्रत्येकी वीस गुण. चारही जमा असतील त्याचंच नाव परीक्षेच्या यादीत जाईल. मी तपासून शेरा मारून परत देईन. चुका सुधारायच्या आणि पुढं चालायचं."

तपासून, शेरा मारून परत. हे शब्द मी घेऊन आलो. खरं सांगायचं तर मला परीक्षेपेक्षाही त्या शेऱ्याचं अप्रूप जास्त होतं. मी लिहिलेलं कुणीतरी वाचणार आणि उलट दोन शब्द लिहिणार, हे मला बारा वर्षांत मिळालेलं नव्हतं.

पहिल्या स्वाध्यायात व्याकरण होतं, थोडा हिशोब होता आणि शेवटी एक प्रश्न होता. 'तुमच्या शाळेतील एक आठवण दहा ओळींत लिहा.' व्याकरण एका दिवसात झालं. दहा ओळींना अकरा दिवस लागले आणि त्या चार पानं झाल्या. मी खोडल्या, पुन्हा लिहिल्या, चांगल्या कागदावर उतरवल्या. दुसऱ्या सत्राला एकोणीस माणसं आली होती. मी माझे कागद माणिकराव सरांच्या हातात दिले. त्यांनी ते न बघता गठ्ठ्यात ठेवले आणि गठ्ठा लोखंडी कपाटात ठेवला.

मग मी वाट पाहू लागलो. इथे माझी चूक झाली, आणि ती रेल्वेतल्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती.

दुसरा स्वाध्याय मी लिहिला. तिसरा लिहिला, चौथाही लिहिला. तिन्ही खोलीतल्या फळीवर कापडात बांधून ठेवले आणि पाठवले नाहीत. पहिल्याचं उत्तर आलं नव्हतं ना! पुस्तिकेत शेवटची तारीख छापलेली होती, ती मी रोज वाचत होतो. पण तारखा आणि वेळा तर वेळापत्रकातही छापलेल्या असतात. म्हणून मागची गाडी पोचल्याचं कळल्याशिवाय कुणी पुढची सोडतं का? पहिल्यात काय चुकलं ते कळलं नाही तर दुसऱ्यातही तेच चुकलेलं असणार. माझ्या डोक्यात हे इतकं चोख बसलेलं होतं की त्यावर शंका घ्यावी असं एकदाही मनात आलं नाही. आणि शंका घ्यायला दुसरं डोकं तिथे होतं कुठे?

तिसऱ्या सत्राच्या वेळी सिताराम बायकोच्या बाळंतपणासाठी गेला. बदली माणूस मिळाला नाही, मी सलग फाटकावर होतो. चौथ्याच्या वेळी सितारामच आजारी पडला. दोन्ही वेळा मी माणिकराव सरांना पोस्टकार्ड टाकलं. 'पहिला स्वाध्याय तपासून झाला असल्यास कळवावे. पुढील तिन्ही तयार आहेत.' उत्तर नाही. स्टेशनावरून कुणी रुळाच्या कडेने येताना दिसलं की त्याच्या हाताकडे पाहायचो. रुळाची देखभाल करणारे गँगवाले यायचे, त्यांच्या हातात हातोडे असायचे.

सिताराम परत कामावर आला तेव्हा मला म्हणाला, "पंडित, तू वाळायलास. नाद सोड की ह्यो. बी. ए. होऊन काय इंजनात बसणार हाईस का?"

"तुला न्हाई कळायचं," मी म्हटलं.

"मला कळत न्हाई म्हणूनच मी बरा हाय. जेवतो, झोपतो."

मी त्याच्यावर ओरडलो. गरज नव्हती. तो बिचारा कंदिलाची काच पुसत होता, पुसतच राहिला. त्यानंतर आठ दिवस आमच्यात पाळी बदलताना लागतात तेवढेच शब्द झाले, आणि माझ्याशी बोलणारं माणूस आणखी एकाने कमी झालं.

पाचवं सत्र शेवटचं होतं. मी तिन्ही स्वाध्याय कापडासकट पिशवीत घातले आणि सकाळच्या गाडीने परभणीला गेलो. शाळेचं फाटक उघडं होतं. वर्गात कुणी नव्हतं. टेबलाशी माणिकराव सर एकटे बसले होते. पुढ्यात यादी आणि हातात लाल पेन.

"सत्र न्हाई का आज?" मी विचारलं.

"कोण येतंय आता? मागच्या खेपेला तिघं आलते. तुमी कोण?"

मी नाव सांगितलं. त्यांनी चष्मा खाली घेतला, रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं. "तुमचे तीन स्वाध्याय न्हाईत. मंगळवारीच मुदत संपली. यादी उद्या विद्यापीठाला जायलीय. तुमचं नाव यंदा बसत न्हाई."

"तिन्ही तयार हायत. आणलेत."

"मग दिले का न्हाईत इतके दिवस?"

"पहिल्याचं उत्तर आलं न्हाई."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "त्याचा ह्याच्याशी काय संबंध?"

मी सांगितलं. मास्तरचा फोन, फाटक, नंबर, मागची गाडी आणि पुढची गाडी, सगळं. सांगताना माझं मलाच कळू लागलं की हे भलत्याच ठिकाणी लावलेलं शहाणपण आहे. आणि माणिकराव सर हसले. मोठ्याने हसले, पोटावर हात ठेवून. "अहो, स्वाध्याय हायत ते, मालगाड्या न्हाईत!"

माझं डोकं तापलं. यादी त्यांच्या हातात होती. एक शब्द वावगा गेला की वर्ष गेलं, कदाचित कायमचंच गेलं, कारण पुन्हा अर्ज भरायची उमेद माझ्यात उरणार नव्हती. हे सगळं समोर दिसत होतं, तरी मी गप्प बसलो नाही.

"पहिला तपासला का न्हाई, तेवढं सांगा."

"तपासलाय की." त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. माझ्या नावापुढे लाल शाईत लिहिलेलं होतं, वीसपैकी बारा. मी वरच्या नावाकडे पाहिलं. बारा. खालच्या नावापुढे बारा. मी पान उलटलं, मागच्या पानावरही तेच. कंडक्टरला बारा, बालवाडीच्या बाईंना बारा, ज्याने कदाचित कोरे कागद दिले असतील त्यालाही बारा.

"सगळ्यांला बारा?"

"कोणाचं नुकसान न्हाई त्यात," ते म्हणाले, पण आवाज जरा खाली आला. "चाळीस जणांचे गठ्ठे. एकटा माणूस किती वाचणार?"

"शेरा मारून परत देतो म्हणलं होतं तुमी. मी तीन महिने वाट बघायलोय. तुमचे बारा नकोत मला. शून्य द्या. पर वाचा."

"आता?"

"आता. मला पाच वाजेपर्यंत गाडी न्हाई."

ते उठले. मला वाटलं, हाकलतात. पण त्यांनी कपाट उघडलं, गठ्ठा काढला, त्याची दोरी सोडली. ती आधी कधी सुटलेलीच नव्हती, गाठ दातांनी सोडवावी लागली. माझे कागद काढून ते खुर्चीवर बसले आणि लाल पेन उघडलं. मी पुढच्या बाकावर गुडघे आडवे करून बसलो.

पहिल्या पानावर पेन चाललं. एक वेलांटी दुरुस्त झाली, एका शब्दाभोवती गोल पडला. मग आठवण आली. तिथे काय लिहिलं आहे ते मला पाठ होतं. 'त्या दिवशी शाळा दुपारीच सुटली. सर म्हणाले, आज सगळ्यांनी सरळ घरी जा. सगळ्यांनी म्हणताना ते आमच्या बाकाकडे बघत होते. रात्री आम्ही उसात बसलो. आईने कोंबडीची चोच हाताने धरून ठेवली होती. सकाळी पेटी उघडली, तर पुस्तकांची राख होती. दहावीची पुस्तकं नवी होती, त्यांना कव्हरं घालायची राहिली होती. आम्ही तीन दिवस गावात होतो. नंतर पूर्णेला गेलो. कुठे गेलो ते गावात माहीत होतं. मला वाटायचं, शाळेतून कुणीतरी येईल आणि विचारेल, पंडित का येत नाही. मावशीच्या घराचं दार रस्त्याकडे होतं. मी दिवाळीपर्यंत दारात बसत होतो.'

पेन थांबलेलं होतं. माणिकराव सर चौथं पान संपवून पुन्हा तिसऱ्यावर गेले. मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होतो. बाहेर कुणीतरी हापसा हापसत होतं, तेवढाच आवाज.

"कोणचं गाव?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"मी तिथं नव्हतो," ते लगेच म्हणाले. मग माझे कागद सारखे करत म्हणाले, "पर मी होतोच की कुठंतरी. त्या साली मी आठवीला शिकवायचो, दुसऱ्या गावात. माझ्या वर्गातले अकरा पोरं यायचे बंद झाले. महिनाभर मी गैरहजर लिहिलं. मग हेडमास्तर म्हणाले, हजेरी वाईट दिसायलीय, नावं कमी करा. मी लाल शाईनं रेघा मारल्या."

"त्यांच्या घरी गेलते का?"

"न्हाई."

"का?"

"भ्यालो." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "खोटं कशाला बोलू? भीती पंधरा दिवसच होती. नंतर नुसता आळस. दुसरी पोरं होती, वर्ग भरलेला दिसायचा. विसरलो."

मी भांडायच्या तयारीत होतो आणि माणूस समोरून असा कबूल झाला, तर आता काय करायचं ते मला समजेना. राग होताच. पण त्याच्या जोडीला दुसरंही काहीतरी होतं, आणि ते रागापेक्षा जड होतं. मी दारात बसलो होतो त्या दिवसांत अशी किती दारं असतील, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटायचं, विसरला गेलेला मी एकटाच.

"त्यांची नावं सांगा," मी म्हटलं.

"कोणाची?"

"अकरा जणांची."

त्यांनी डोळे मिटले. "लिंबाजी. देवराव. दोघं भाऊ होते, थोरला किसन, धाकटा... धाकटा कोण बरं? एक पोरगी होती, हुशार, पहिल्या बाकावर बसायची." ते थांबले. बोटांवर मोजत राहिले, पण तिसऱ्या बोटापुढे गेले नाहीत.

"तीनच?"

"तीनच," ते म्हणाले.

मी पिशवीतून कापड काढलं, गाठ सोडली आणि तिन्ही स्वाध्याय टेबलावर ठेवले. "हे घ्यायचे तर घ्या. न्हाई तर पुढच्या वर्षी येतो. पर बाकीची आठ नावं तुमी आठवून लिहायची. हा तुमचा स्वाध्याय." असं मास्तरशी बोलायला नको होतं, माझी आई असती तर तिने मला तिथेच थोबाडलं असतं. पण बोलून गेलो.

माणिकराव सरांनी पेनाचं टोपण काढलं. यादी ओढून घेतली, शेवटच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. रजिस्टरमधले माझे बारा खोडले आणि म्हणाले, "किती द्यायचे ते ठरवायला मला एक दिवस द्या. बाकीचे तिन्ही पण वाचतो." मी उठलो. दारात गेल्यावर वळून पाहिलं तर ते कंडक्टरचे कागद काढून वाचत होते.

परतीच्या गाडीत पूर्णेला उतरायचा विचार होता. सकाळी सहाला पाळी होती, तरी तासभर मिळाला असता. उतरलो नाही. धाकटी रडली असती तर त्या दिवशी मला ते सोसलं नसतं. चुडाव्याला उतरून रुळाच्या कडेने चालत फाटकावर आलो. सितारामने माझ्याकडे पाहिलं आणि न विचारता स्टोव्हवर चहा ठेवला. मी त्याला म्हटलं, "त्या दिवशी उगीच वरडलो." तो म्हणाला, "व्हय, उगीचच." चहा पिऊन तो कामाला लागला.

परीक्षा उन्हाळ्यात होती, त्याच शाळेत. चाळीसपैकी अठरा जण आले होते. माणिकराव सर वर्गाच्या दारात उभे होते. पर्यवेक्षक दुसरेच होते, सरांचं तिथे काही काम नव्हतं. मला पाहून ते बाजूला आले. खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"अकराच्या अकरा," ते म्हणाले. "आठवले न्हाईत. गावात जाऊन जुनी हजेरी काढली. रेघांच्या खालून वाचता आले. मग म्हणलं, इथवर आलोच हाव तर घरं बघावी. आठ घरं उठून गेलीत. दोन हायत."

"गेलते?"

"एका घरी कुलूप होतं. दुसऱ्या घरी देवरावची आई होती. दार उघडलं, लगेच वळखलं मला. मी म्हणलं, देवराव शाळेत का येत न्हाई ते बघायला आलो." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पुन्हा खाली घेतला. "ती म्हणाली, बसा. पाणी दिलं, मी पिलो. मग म्हणाली, मास्तर, त्याला दोन लेकरं हायत आता. लय उशीर केलाव."

"अन् मग?"

"मग काही न्हाई. बसून राहिलो. तीबी बसली."

घंटा झाली. मी आत जाऊन बसलो. सरांनी दिलेला कागद माझ्या खिशात होता, प्रश्नपत्रिका समोर होती, आणि मला पहिला प्रश्न दिसेना. आमच्या मावशीच्या दारात असं कुणी आलं असतं, बारा वर्षांनी का होईना, तर आई आधी भांडली असती. शिव्या दिल्या असत्या. पण आत घेतलं असतं, पाणीही दिलं असतं. ती दोन वर्षांपूर्वी गेली. आता कुणी यायचं ठरवलं तरी दार उघडायला ती नाही. हे मनात आलं आणि मला रडू आवरेना. अठ्ठावीस वर्षांचा माणूस, पोरांच्या बाकावर, मान खाली घालून रडत होतो.

पर्यवेक्षक जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "काय झालं? पेपर अवघड हाय का?"

"न्हाई सर," मी म्हटलं. "सोपा हाय." आणि लिहायला लागलो.